पटाशीची धार सारखी जातेय? नवी घेण्याआधी जुनीची कड बघा

तक्रार ठरलेली असते. पटाशीला धार लावली, पहिल्या दोन बिजागऱ्यांच्या खाचा सुरेख निघाल्या आणि तिसऱ्या खाचेला पटाशी लाकूड कापायचं सोडून चेंगरायला लागली. परत धार लावली, परत तेच. मग पटाशीच हलकी निघाली असं म्हणून दुसरी आणली जाते, आणि चार-सहा महिन्यांत तीही त्याच पेटीत पडून राहते.

लोखंड हलकं असू शकतं. पण ते ठरवायच्या आधी कड नक्की कशी गेली ते बघावं लागतं. धार जाण्याच्या तीन तऱ्हा आहेत. कड वळते, कड तुटते, नाहीतर नुसती झिजते. तिन्ही वेळा काम करताना हाताला सारखंच वाटतं, पण कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. हे न बघता नवी पटाशी घेतली तर जुनी चूक नव्या पटाशीवर चालू राहते.

त्यासाठी सागाचा एक तुकडा शिकंज्यात आवळा. नेहमीसारखी धार लावा आणि लाकडाच्या रेषांना आडवी पटाशी उभी धरून मोगरीनं (लाकडी हातोड्यानं) दहा घाव घाला, प्रत्येक घाव साधारण ३ मि.मी. खोल. उचकटू नका, सरळ बाहेर काढा. मग पटाशी उजेडात कडेवरून तिरकी करून बघा. धारदार कडेवर काही दिसत नाही, कारण प्रकाश परत फिरवायला तिथं जागाच नसते. कडेभर पांढरी बारीक रेघ चमकली तर कड झिजली आहे. तुटक तुटक चमकणारे ठिपके दिसले तर कड तुटली आहे. आणि पाठीवरून कडेकडं नख सरकवल्यावर ते टोकाला अडकलं तर कड वळली आहे. (पाठ म्हणजे सपाट बाजू, तिरकी घासलेली बाजू तो ढाळ.)

कड वळत असेल तर आधी बर तपासा

घरच्या कामात धार लगेच जाण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हे आहे आणि त्याचा पटाशीच्या किमतीशी काही संबंध नाही. निसण्यावर (धार लावायच्या दगडावर) ढाळ घासताना लोखंड टोकाशी इतकं पातळ होतं की ते कापलं न जाता पाठीकडं उलटतं. ही उलटलेली तार म्हणजे बर. ती बोटाला खरखरीत लागते, कागद कापते, अंगठ्यावरचे केसही काढते. म्हणून धार आली असं वाटतं आणि घासणं थांबतं. पण ती धार नसते, ती लोंबणारी तार असते. दोन-चार घावांत ती दुमडते नाहीतर मोडून पडते आणि खाली बोथट कड उरते.

बर आली पाहिजे, आणि मग गेली पाहिजे. ढाळ १००० नंबरच्या दगडावर घासा (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक), पाठीवर बर पूर्ण रुंदीभर येईपर्यंत. एका कोपऱ्यावर बर आली नसेल तर तिथं दगड कडेपर्यंत पोचलाच नाही, पुढं जाऊ नका. पूर्ण बर आली की ४००० किंवा ६००० च्या दगडावर ढाळ १५-२० वेळा घासा. मग पाठ दगडावर पूर्ण चपटी टेकवून पाच-सहा वेळा. बर परत ढाळाकडं वळते. ढाळ पाच वेळा, पाठ पाच वेळा, मग तीन-तीन, मग एक-एक, हात हलका करत करत. शेवटी कातड्यावर १०-१५ वेळा, पटाशी आपल्याकडं ओढत, धार मागं. ओढ संपताना मनगट वर उचलू नका. त्या उचलण्यानं कड गोल होते आणि आधीची सगळी मेहनत वाया जाते.

कातड्यासाठी महागडं काही आणायला नको. कोल्हापुरी चपलेच्या तळव्याचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, घट्ट आणि कमी दबणारं. धारेवर शेवटचा हात फिरवायच्या पट्ट्याला तेच हवं. मऊ कातडं दाबाखाली खचतं आणि कडेभोवती वर येऊन तिला गोल करतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्यात सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे आहेत, त्यामुळं कारागीर शोधायला लांब जायला नको. २ इंच रुंद, ८-१० इंच लांब तुकडा सपाट फळीवर चिकटवा आणि त्यावर हिरवं पॉलिशिंग कंपाउंड खडूसारखं घासा. पातळ थर पुरतो.

पाठ सपाट नसेल तर बर जाणारच नाही

धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथं भेटतात ती रेघ. ढाळ आरशासारखा केला आणि पाठीवर कारखान्यातल्या घासणीचे ओरखडे तसेच राहिले, तर ते ओरखडे कडेपर्यंत येतात आणि कड करवतीसारखी दातेरी होते. नव्या पटाशीची पाठ सपाट असतेच असं नाही, महागातली असली तरी.

मार्करनं पाठीवर कडेपासून ३० मि.मी. पर्यंत रेघा मारा. काचेच्या तुकड्यावर (किमान ८ मि.मी. जाड, पातळ काच दाबाखाली वाकते) ४०० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून पसरा आणि पाठ दहा वेळा घासा. रेघा मधे राहिल्या आणि चारी बाजूंनी गेल्या तर पाठ मधे खोलगट आहे. ती चांगली गोष्ट, लवकर सपाट होते. मधल्या गेल्या आणि कडेजवळच्या राहिल्या तर पाठ फुगीर आहे, आणि खरा त्रास तिथं आहे, कारण कड दगडाला टेकतच नाही. अशी पटाशी दुकानात दिसली तर ठेवून द्या. घरात असेल तर २२० पासून सुरू करा, मग ४००, ८००, १५००. फक्त पुढचे २५-३० मि.मी. सपाट करायचेत, अख्खं पातं नाही. एकदा तासभर जाईल, पण हे काम पटाशीच्या आयुष्यात एकदाच करावं लागतं.

इथंच जुन्या खोलगट निसण्याचाही विचार करा. मधे खळगा पडलेल्या कार्बोरंडमच्या दगडावर पाठ घासली की ती हमखास फुगीर होते. दगडावर पेन्सिलच्या उभ्या-आडव्या रेघा मारा, काचेवर ८० नंबरचा पेपर ठेवून दगड त्यावर घासा, सगळ्या रेघा जाईपर्यंत. दगडाला पाणी वापरायचं की रॉकेल-तेल हे पहिल्याच दिवशी ठरवा. एकदा तेल मुरलं की तो दगड पाणी नीट घेत नाही.

कोन: बघून नव्हे, मोजून

कड वळतेय आणि बरही गेलेली आहे, किंवा कड तुटतेय, तर पुढचा संशय कोनावर. मऊ लाकडात चाललेला कोन बाभळीत चालत नाही. मिरजेत तंबोऱ्याच्या दांडीला वापरतात ते तून लाकूड हलकं, मऊ असतं. त्यात हातानं तासायला २५ अंश छान. फणस आणि सागाला ३०. बाभळीत मोगरीनं ठोकायचं तर ३५, त्याहून कमी नको. २५ अंशांची पटाशी बाभळीच्या चौकटीत ठोकली आणि कड गेली तर दोष पटाशीचा नाही.

कोनमापक नसला तरी अडत नाही. पात्याची जाडी आणि ढाळाची लांबी मोजा. ढाळ जाडीच्या दुप्पट असेल तर कोन ३० अंश. साधारण २.४ पट असेल तर २५, पावणेदोन पट असेल तर ३५. म्हणजे ४ मि.मी. जाड पटाशीला ८ मि.मी. ढाळ हवा ३० अंशांसाठी, साडेनऊ मि.मी. २५ साठी आणि ७ मि.मी. ३५ साठी.

पण लांबी बरोबर असूनही कोन चुकलेला असू शकतो. हातानं घासताना मनगट झुलतं आणि ढाळ पोटासारखा गोल होतो. मोजलं तर २५ येतं, प्रत्यक्ष कडेपाशी ४० झालेलं असतं. पटाशी बोथट नसते, तरी शिरत नाही, आणि माणूस आणखी जोरानं ठोकतो. ढाळावर मोजपट्टीची कड उभी टेकवून उजेडाकडं बघा. मोजपट्टी डोलली तर ढाळ गोल आहे. सगळा ढाळ २५ वर परत सपाट घासा आणि फक्त टोकाशी एक मिलिमीटरभर पट्टी ३० वर. पुढची प्रत्येक धार त्या पट्टीपुरतीच लावायची, मग पाच मिनिटांत काम होतं. ती पट्टी ३ मि.मी. च्या वर गेली की मूळ ढाळ परत घासा. हात स्थिर नसेल तर बाजूनं पकडणारी चाकाची साधी होनिंग गाइड (पटाशी ठरावीक कोनात धरणारं साधन) घ्या. त्यातून पटाशी ४० मि.मी. बाहेर ठेवली की २५ अंश येतात, ३० मि.मी. ठेवली की ३०. फळीवर दोन खिळे ठोकून ही अंतरं कायमची करून टाका.

निळी पडलेली कड

खांडं पडलेली पटाशी गावात ग्राइंडरवर लावून आणायची पद्धत आहे. बेंच ग्राइंडरची मोटर मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेते आणि कडेचं लोखंड पातळ असल्यामुळं ते क्षणात तापतं. पोलादाला दिलेलं पाणी (म्हणजे तापवून आणलेला कडकपणा) उतरलं की नाही ते रंगावरून कळतं. फिकट पिवळा रंग २२० अंश सेल्सिअसच्या आसपास येतो, तपकिरी २५५ ला, जांभळा २७५ ला आणि निळा ३०० च्या जवळ. साध्या कार्बन पोलादाची कड निळी झाली म्हणजे तेवढा भाग मऊ झाला. त्यावर कितीही चांगली धार लावा, ती वळणारच. वर घासून रंग गेला तरी आतलं मऊ लोखंड तसंच राहतं, म्हणून निळेपणा जिथवर दिसत होता तिथवर मागं घासावं लागतं.

ग्राइंडरशिवाय पर्याय नसेल तर राखाडी खडबडीत चाकाऐवजी ६० किंवा ८० नंबरचं पांढरं चाक लावा. ते थंड कापतं. चाक गुळगुळीत चमकायला लागलं की ड्रेसरनं (चाक खरवडायच्या अवजारानं) उघडा. बोट कडेच्या मागं अगदी जवळ ठेवा, चटका बसायच्या आत पाण्यात बुडवा. आणि अगदी टोकापर्यंत घासू नका, अर्धा मिलिमीटर दगडासाठी राखून ठेवा. गॉगल न घालता यातलं काहीही नको.

सवयी

कोन बरोबर, पाठ सपाट, तरी कड तुटतेय? मग वापर बघा. ठोकलेली पटाशी तशीच मागं रेटून ढलपी उचकटायची सवय कड मोडते, कारण त्या वेळी सगळा जोर टोकाच्या केसाएवढ्या लोखंडावर आडवा येतो. १० मि.मी. च्या कुसवाचं (सांध्यात बसणाऱ्या टोकाचं) भोक आधी ८ मि.मी. च्या ड्रिलनं पोखरून घ्या, पटाशीला फक्त भिंती साफ करायला ठेवा. बिजागरीच्या खाचेत ४-५ मि.मी. वर आडवे छोटे घाव घालून मग बाजूनं तासा. आखलेल्या रेघेवर पहिला घाव कधीच घालू नका. ढाळाच्या पाचरीमुळं पटाशी मागं सरकते आणि खाच रेघेच्या बाहेर जाते. २ मि.मी. आत घाव घाला, रेघ शेवटी.

नुसतीच झिजत असेल तर ती बहुतेक लाकडाची करणी. सागात सिलिका असते, धार झिजवायला ती पुरेशी. प्लायवुडमधला डिंकाचा थर त्याहून वाईट, सनमायकाची कड तर विचारूच नका. जुन्या वाड्याच्या तुळया आणि चौकटी हौसेनं आणल्या जातात, पण त्यांच्या भेगांत चुना, वाळू आणि मोडलेले खिळे असतात. तारेच्या ब्रशनं घासून, लोहचुंबक फिरवूनच पटाशी लावा. प्लायसाठी एक जुनी पटाशी वेगळी ठेवा, मुठीला लाल रंग लावून. घरातल्या सगळ्यांना हे सांगा, नाहीतर चांगल्या पटाशीनं रंगाचा डबा उघडला जातो.

आता खरंच लोखंडाचा दोष आहे का

नव्या पटाशीचा निकाल पहिल्या धारेवर देऊ नका. कारखान्यातल्या घासणीत टोकाचा एखाद-दोन मिलिमीटर भाग करपलेला असू शकतो. दोन-तीन मि.मी. मागं घासल्यावर तीच पटाशी वेगळी वागते, हे बऱ्याचदा दिसतं. तेवढं करूनही ३५ अंशांवर कड वळत असेल, तर लोखंड मऊ.

खात्रीसाठी बारीक, नवी कानस घ्या आणि पात्याच्या बाजूला, टोकाजवळ, हलकीच चालवा. नीट पाणी दिलेल्या पटाशीवर कानस काचेवर घसरावी तशी घसरते, ओरखडा मुश्किलीनं येतो. कानस लोण्यासारखी चावली तर पाणी कमी आहे किंवा नाहीच. चांगल्या पटाशीचं पोलाद साधारण ५८ ते ६२ रॉकवेल (कडकपणाचं माप) असतं. हीच चाचणी मुठीकडं सरकत करत गेलात तर पाणी कुठवर दिलंय तेही कळतं. मुठीजवळ मऊ असणं ठीकच आहे, तिथं चिवटपणा लागतो.

उलटा दोष असेल, म्हणजे ३५ अंशांवरही कड खड्याखड्यानं तुटत असेल, तर पटाशी जास्त कडक आहे. साध्या कार्बन पोलादाची असेल तर ती वाचवता येते. मूठ काढा, पातं ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) २०० अंशांवर तासभर ठेवा, आपोआप गार होऊ द्या, धार लावून परत दहा घाव घाला. तरी तुटत असेल तर १० अंश वाढवून पुन्हा. ओटीजीचा काटा नेहमी खरा सांगत नाही, म्हणून पात्याचा एक भाग घासून चकचकीत ठेवा. फिकट पिवळा दिसला की थांबा.

लोहाराकडून करून घ्यायची असेल तर कशापासून ते विचारा. गाडीच्या कमानपाट्यात कार्बन साधारण अर्धा टक्का. अशी पटाशी चिवट असते, घाव सोसते, बाभळीत भोकं पाडायला एक नंबर, पण तासकामाची बारीक धार ती फार वेळ धरत नाही. जुन्या कानशीत कार्बन टक्क्याच्या वर असतो. धार उत्तम, मात्र पाणी दिल्यावर कडकपणा थोडा उतरवला नाही तर घावाला तुटते.

घ्यायचीच झाली तर

घरकामाला चार पुरतात: पाव इंची, अर्धा इंची, पाऊण इंची आणि एक इंची, म्हणजे साधारण ६, १२, १८ आणि २५ मि.मी. बारा पटाश्यांचा स्वस्त संच घेण्यापेक्षा त्याच पैशात चांगल्या दोन घ्या, अर्धा आणि एक इंची, आणि बाकीच्या काम पडेल तशा. बाजूच्या कडा उतरत्या असलेल्या घ्या, त्या कोपऱ्यात नीट शिरतात. चौकटींची भोकं नेहमीची असतील तरच चौकोनी जाड पात्याची मॉर्टिस पटाशी वेगळी.

सांगलीच्या गणपती पेठेत काय किंवा साताऱ्यात काय, दुकानात खिशात १५ सें.मी. ची स्टीलची पट्टी ठेवा. तिची कड पाठीवर लांबीत आणि रुंदीत टेकवून उजेडाकडं धरा. फुगीर असेल तर परत करा. मुठीमागून एका डोळ्यानं बघा, पातं मुठीच्या सरळ रेषेत हवं. वेष्टनावर पोलादाचा प्रकार किंवा कडकपणा लिहिलेला असला तर बरं. नारेक्स कंपनीच्या पटाश्या क्रोम-मँगनीज पोलादाच्या असतात आणि कडकपणा ५९ रॉकवेल सांगितला जातो, तुलनेला तो आकडा लक्षात ठेवा. पात्यावर आरशासारखं पॉलिश आणि कोपरे गोल झालेले दिसले तर ते पॉलिश घासणीचे दोष झाकायला केलेलं असू शकतं, पट्टी लावल्याशिवाय घेऊ नका.

लाकडी मूठ असेल तर तिच्या दोन्ही टोकांना शेंबी (धातूची कडी) आहे का बघा. लोखंडी हातोड्यानं लाकडी मूठ फुटते. बाभळीची ४००-५०० ग्रॅमची मोगरी करून घ्या. सांगलीकडच्या कोरड्या उन्हाळ्यात मूठ आकसते आणि शेंबी निघून येते. ती पाण्यात भिजवून बसवू नका, वाळली की परत सुटणार. शेंबी उतरवा, आत इपॉक्सी लावा, ठोकून बसवा आणि रात्रभर ठेवा.

पाटण, महाबळेश्वरकडच्या पावसात दोन दिवसांत पात्यावर गंज धरतो, आणि कडेवरचा गंजाचा खड्डा म्हणजे तुटलेली कडच. काम संपलं की शिलाई मशीनच्या तेलाचं बोट पात्यावर फिरवा. खोबरेल चालतं, थंडीत फक्त थिजतं. करडईचं तेल नको, ते हवेनं चिकट होऊन बसतं. आणि पटाशी कातडी म्यानात घालून पेटीत ठेवायची पद्धत पावसाळ्यापुरती बंद करा, कातडं ओल धरतं. टोकाला प्लॅस्टिकची टोपी घाला आणि फळीला भोकं पाडून भिंतीवर उभी लावा, एकमेकींना लागणार नाहीत इतक्या अंतरावर.